कळवळा मागाहून येतो, आधी एका घराचा हिशोब शिका

जय ख्रिस्त. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: तुम्ही अठ्ठावीस वर्षांचे आहात, पुण्यात आयटीत नोकरी करता, लहानपणापासून मंडळीत वाढलात. दर नाताळाला तरुण संघाबरोबर एका वस्तीत ब्लँकेटं आणि फराळाची पाकिटं वाटायला जाता. परत येताना मन कोरडं असतं. कधी कधी तर चीड येते, कारण लोक रांगेत दोनदा उभे राहतात, खोटं सांगतात, दारू पितात. तुमचे काका म्हणतात, ‘गरीब तर नेहमीच राहणार, प्रभूनंच सांगितलंय.’ आणि तुम्ही विचारलंय, ख्रिस्ती असूनही मला गरिबांचा कळवळा का येत नाही, आणि तो यावा म्हणून काय करू?

मी अहिल्यानगर जिल्ह्यात, साखर कारखान्यांच्या पट्ट्यात राहते. ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्यांमध्ये सव्वीस वर्षं काम करतेय, आधी मंडळीच्या महिला मंडळातून आणि पुढे एका लहानशा संस्थेतून. मी पाळक नाही, ईश्वरविज्ञान शिकलेली नाही. जे सांगते आहे ते फडात, म्हणजे ऊस तोडायच्या रानात, शिकलेलं आहे.

तुमचं काळीज दगडाचं आहे असं मला वाटत नाही. तसं असतं तर हा प्रश्न तुम्हाला पडलाच नसता. तुमची अडचण वेगळी आहे. वर्षातून एक तास तुम्ही त्या माणसांना भेटता, आणि तोही असा की तुम्ही टेम्पोजवळ उभे आणि ते रांगेत. तुम्हाला त्यांची नावं माहीत नाहीत, त्यांना तुमचं नाही. अशा भेटीत दमणूक वाटते, फार तर दया वाटते, आणि कुणी दोनदा पाकीट नेलं की राग येतो. सख्खा मावसभाऊसुद्धा फक्त रांगेतच भेटत असता तर त्याच्याबद्दलही तुम्हाला फारसं काही वाटलं नसतं.

येशूनं सांगितलेली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट, वाटेत जखमी पडलेल्या माणसाला परक्या जमातीच्या प्रवाशानं मदत केली ती, पुन्हा काढून बघा. जखमी माणसाला याजकानं पाहिलं होतं, लेव्यानंही पाहिलं होतं. दोघंही पाहून दुसऱ्या बाजूनं निघून गेले. शोमरोनी मात्र तो होता तिथे आला, आणि मग त्याला कळवळा आला. लूकच्या शुभवर्तमानात हाच क्रम दिला आहे. आपण तो उलटा करतो. आधी मनात काहीतरी दाटून यावं, मग जाऊ, असं म्हणत घरी बसतो. आणखी एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. उतारशाळेच्या रखवालदाराला तो दोन नाणी देतो आणि सांगतो, जास्त लागलं तर मी परत येईन तेव्हा देईन. म्हणजे हिशोब उघडा ठेवून जातो. परत यायचं हे त्यानं तिथेच ठरवलेलं आहे.

आता हे प्रत्येकाला कसं जमेल ते ज्याच्या त्याच्या परिस्थितीवर आहे. घरी आजारी आईवडील असतील, लहान मुलं असतील, तर आठवड्याला दोन तास काढणंही जड जातं. एकट्या तरुण मुलीनं अंधार पडल्यावर अनोळखी वस्तीत जावं असं मी सांगणार नाही. काही माणसं बोलकी असतात, काहींना चार अनोळखी लोकांत बसलं की घाम फुटतो. ज्याच्याकडे फक्त पैसाच आहे त्यानं नीट चौकशी करून पैसाच द्यावा, त्यात कमीपणा नाही. पण तुम्ही ‘कळवळा कसा यावा’ असं विचारलं आहे, आणि त्याचं उत्तर पैशानं मिळत नाही.

माझी सुरुवात तुमच्यासारखीच झाली, उलट वाईट झाली. पहिल्याच वर्षी, डिसेंबरात, आम्ही महिला मंडळाच्या आठ जणी केक, चिवडा आणि ब्लँकेटं घेऊन एका टोळीच्या कोप्यांवर गेलो. कोपी म्हणजे पाचट आणि प्लास्टिकचा कागद घालून उभी केलेली कमानीसारखी झोपडी, आत ताठ उभं राहता येत नाही. आम्ही सकाळी अकराला पोचलो. कोप्यांवर एक म्हातारी, तीन कुत्री आणि सात-आठ पोरं. बाकी सगळे पहाटे चारलाच फडात गेलेले. आम्हाला वाट बघायचा कंटाळा आला, म्हणून आम्ही त्यांना फडातून बोलावून घेतलं. बायका मोळ्या टाकून आल्या, ओळीत उभ्या राहिल्या, आम्ही प्रार्थना केली, फोटो काढले. तेवढ्यात भरायला आलेला ट्रक अर्धवट राहिला. टोळी आणणारा ठेकेदार, म्हणजे मुकादम, सगळ्यांसमोर त्यांना घाणेरड्या शिव्या देऊ लागला आणि आम्ही गाडीत बसून निघालो. पुढच्या आठवड्यात मी एकटी गेले तेव्हा एका बाईनं सांगितलं, ‘ताई, त्या दिवशी गाडी भरायला रात्रीचे दहा वाजले. पोरं उपाशी निजली.’ तिच्या बोलण्यात राग नव्हता. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. आम्ही दिलेला चिवडा त्या पोरांच्या जेवणाच्या बदल्यात पडला होता.

ब्लँकेटांचं काय झालं तेही तिनंच सांगितलं. एक फड संपला की कोपी मोडून दुसरीकडे जायचं, सगळं सामान गाडीवर लादून. जड ब्लँकेट ही ओझ्यात भर. गरज होती ती बॅटरीची, कारण रात्री ट्रक भरताना पायाखाली साप निघतात. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, कारण आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं.

पुढच्या हंगामात मी त्याच बाईला विचारलं, तुझ्याकडे एक रात्र राहू का. ती हसली, पण नाही म्हणाली नाही. पहाटे तीनला जाग आली तेव्हा ती चुलीपुढे बसली होती. मला वाटलं शेकतेय. पण ती एकेक बोट जाळावर धरून सरळ करत होती. दिवसभर कोयता धरून, रात्री मोळ्या उचलून बोटं आकडून जातात, सकाळी पीठ मळायला उघडतच नाहीत. उजव्या हाताची झाली की डाव्या हाताची. उसाच्या पानांनी कापलेल्या रेघा मनगटापासून कोपरापर्यंत गेलेल्या. मग तिनं परात ओढली आणि बारा भाकरी थापल्या. त्यातली पहिली, कडक पापुद्र्याची, माझ्या पुढ्यात ठेवली, वर लसणाची चटणी. मी नको म्हणाले, तर म्हणाली, ‘पाव्हणीला उपाशी ठेवत्यात व्हय?’ मी खाल्ली. गरिबांसाठी काम करते असं मी तोवर सांगत फिरत होते. कुणा गरिबाच्या घरी पाहुणी होऊन जेवले ती त्या दिवशी पहिल्यांदा.

त्यानंतर तिनं मला हिशोब शिकवला. तो तुम्हालाही सांगते, कारण तुमच्या रागाचं उत्तर बरंचसं त्यात आहे.

नवराबायको मिळून एक ‘कोयता’. दिवाळीच्या आधी गावाकडे मुकादम येतो आणि कोयत्याला उचल देतो. समजा एक लाख रुपये. त्यातून आधीचं देणं फिटतं, आजारपण निघतं, मुलीचं लग्न होतं. मग हंगामभर ऊस तोडून ती उचल फेडायची. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या मजुरीत ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला ३६६ रुपयांच्या आसपास आला. एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो असं धरू. म्हणजे दोघांचे मिळून ७३२ रुपये, पहाटे चारपासून रात्रीपर्यंतचे. भागाकार तुम्हीच करा. एक लाख फिटायला १३७ दिवस लागतात, म्हणजे साडेचार महिने, एकही सुट्टी न घेता. पाऊस झाला, कारखाना बंद पडला, ताप आला की काम बुडालं. मजूर कामावर आला नाही तर त्याला ‘खाडा’ म्हणतात, आणि खाड्याचे पैसे मुकादम वरून कापतो. मधल्या काळात किराण्यासाठी ‘खर्ची’ मिळते, तीही उचलीतच चढते. उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याची हिरवी पानं, चाऱ्याला विकून जे सुटे पैसे येतात तेवढाच रोजचा आधार. मार्च-एप्रिलमध्ये गावाकडे जाताना बहुतेक कोयत्यांच्या अंगावर बाकी असते, आणि बाकी असली की पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे यावं लागतं.

हा भागाकार एकदा डोक्यात बसला की पुष्कळ गोष्टी आपोआप कळतात. गरोदर बाई आठव्या महिन्यापर्यंत मोळी का उचलते ते कळतं. दहा वर्षांची मुलगी शाळा सोडून धाकट्या भावाला का सांभाळते ते कळतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली, ८२ हजारांहून अधिक बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. शहरातल्या एका शिकलेल्या बाईंनी मला तेव्हा विचारलं, ‘या बायका इतक्या अडाणी कशा?’ त्या अडाणी नाहीत. पाळीच्या दिवसांत खाडा, अंगावरून पांढरं जाण्याच्या दुखण्यात खाडा, फडात ना संडास ना आडोसा. त्यात ‘पिशवी काढून टाक, कटकट जाईल’ असं डॉक्टरच सांगतो. पिशवी काढणाऱ्या बाईनं मांडलेलं गणित तिच्यापुरतं बरोबरच होतं. चूक तिच्यापुढे मांडलेल्या आकड्यांत होती.

आता तुमच्या तक्रारी. लोक खोटं सांगतात, खरं आहे. मलाही फसवलं गेलंय. एका माणसानं पोराच्या औषधाला म्हणून तीन हजार नेले आणि ते थेट मुकादमाला दिले. मी चिडले, त्याच्याशी बोलणं टाकलं. दोन महिन्यांनी कळलं की बाकी चुकती होईपर्यंत मुकादमानं त्याच्या मोठ्या मुलाला आपल्या घरी ठेवून घेतलं होतं. हे त्यानं मला का सांगितलं नाही? कारण औषधाला लोक पैसे देतात, कर्ज फेडायला देत नाहीत, हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं. देणाऱ्याला काय ऐकायला आवडतं ते गरीब माणूस फार लवकर शिकतो. शिकवतो आपणच. ज्याला खरं सांगून चालेल असा माणूस व्हायला मला सात-आठ वर्षं लागली.

दारूबद्दल मी त्यांची बाजू घेणार नाही. अंग ठणकतं म्हणून पितात हे खरं, आणि त्या दारूपायी बायकोच्या पाठीवर वळ उठतात हेही तितकंच खरं. माझ्या हातून दारूड्याच्या हातात पैसे जात नाहीत. बचत गटात त्याच्या बायकोच्या नावावर जातात. गरिबांवर प्रेम करणं म्हणजे त्यांच्यात दोष नाहीत असं मानणं नव्हे. आपल्या घरातही पिणारे असतात, त्यांचं दुखणं आपण निराळ्या मायेनं बघतो. तीच माया इथे लागते, आणि तेवढाच कडकपणाही.

काकांच्या बोलण्याकडे येते. ‘गरीब नेहमी तुमच्याजवळ आहेत’ हे प्रभूचे शब्द बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायातल्या वाक्याची आठवण करून देतात. तिथे मोशे म्हणतो की देशात दरिद्री असायचेच, म्हणून मी तुला आज्ञा करतो, त्यांच्यासाठी आपला हात सैल सोड. काका पहिला अर्धा भाग सांगतात, दुसरा गाळतात. मार्कानं आपल्या शुभवर्तमानात तर प्रभूच्या तोंडचं पुढचं वाक्यही दिलंय, की मनात येईल तेव्हा तुम्हाला त्यांचं बरं करता येतं.

त्याहून महत्त्वाचं, बायबलमध्ये बऱ्याच ठिकाणी दानाच्या आधी हक्क येतो. आमच्याकडे भुईमूग किंवा कांदा काढून झाला की गरीब बायका रानात ‘सरवा’ वेचायला जातात. मराठी बायबलात गरीब विधवा रूथ बवाज नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात जे वेचते त्यालाही सरवाच म्हटलंय. खेड्यातल्या बाईला रूथची गोष्ट समजावून सांगावी लागत नाही, तिनं ती कमरेत वाकून जगलेली असते. बायबलातल्याच ‘लेवीय’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात शेतकऱ्याला सांगितलंय, शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत कापू नको, पडलेलं वेचू नको, ते गरिबाचं आणि परक्याचं आहे. कुणाला द्यायचं ते निवडायची मुभा शेतकऱ्याला नाही. रांग लावायची नाही, फोटो नाही. आणि अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी देण्याची आज्ञा आहे. कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, असं याकोब आपल्या पत्रात लिहितो. उसाच्या पट्ट्यात राहून ते वाक्य वाचताना मला दर वेळी थांबावं लागतं.

म्हणून पुण्यात तुमची सुरुवात वस्तीत नाही, घरात आहे. तुमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींना पगार एक तारखेला मिळतो की ‘सुट्टे नाहीत’ म्हणून पाचला? त्यांना महिन्याला किती रजा आहेत? आजारी पडल्या तर पैसे कापता का? तुमच्या सोसायटीचा वॉचमन बारा तास उभा असतो, त्याला बसायला खुर्ची आहे का? चर्च झाडणाऱ्या बाई उपासनेत कुठे बसतात? सोन्याची अंगठी घातलेल्याला पुढची जागा आणि मळक्या कपड्यांच्या माणसाला ‘तिकडे उभा राहा’ म्हणणाऱ्या मंडळीला याकोबानं दुसऱ्या अध्यायात झापलंय. हे आधी नीट करा, मग ब्लँकेटं.

आणखी एक गोष्ट, जरा नाजूक. ‘गरीब’ म्हणताना आपण कुणी दुसरे लोक म्हणतो. माझी पणजी १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमात आली, सहा-सात वर्षांची. तिचं मूळ नाव आमच्या घरात कुणालाच माहीत नाही, मिशननं दिलेलं तेवढं माहीत आहे. तुमच्या घरीही विचारून बघा. महाराष्ट्रातल्या पुष्कळ ख्रिस्ती घरांत तीन-चार पिढ्यांमागे गावकुसाबाहेरची झोपडी किंवा दुष्काळ सापडतो. आजही खेड्यातले दलित ख्रिस्ती त्याच आळीत राहतात, तेच काम करतात, पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे त्यांना अनुसूचित जातीचा दाखला मिळत नाही. शीख दलितांना तो १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये मिळाला. आपलेच लोक ब्लँकेटच्या रांगेत असू शकतात, हे लक्षात आलं की टेम्पोजवळ उभं राहायची तऱ्हा बदलते.

पंडिता रमाबाईंकडे मी याच कारणासाठी पुन्हा पुन्हा वळते. विद्वान म्हणून त्यांना सगळे ओळखतात. पण कोवळ्या वयात त्यांनी आईवडील दुष्काळात गमावले होते आणि भावाबरोबर उपाशी पायपीट केली होती. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या मुलींना घेऊन आल्या. त्या मुलींच्या तोंडावर त्यांना काय दिसलं असेल ते वेगळं सांगायला नको. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी मुलींना नुसतं जेवू घातलं नाही. वाचायला शिकवलं, विणायला शिकवलं, छापखाना चालवायला शिकवलं. आणि साध्या बायकांना कळावं म्हणून सोप्या मराठीत बायबलचं भाषांतर करण्यात आयुष्याची शेवटची वर्षं घातली. भुकेची ओळख असलेल्या बाईनं केलेलं काम असं असतं. आपल्याला ती भूक ठाऊक नाही, म्हणून आपल्याला शेजारी बसून शिकावं लागतं.

एक ताकीद मात्र देते. मदत आणि धर्म यांची गाठ बांधू नका. ‘भाकरीसाठी ख्रिस्ती झाले’ हा टोमणा आमच्या पणजीनं जन्मभर ऐकला. कोपीवर मी आधी पीठ आणि मग प्रार्थना असं कधी करत नाही. कुणी स्वतःहून म्हणालं, ‘ताई, माझ्या पोरासाठी देवाला सांगा,’ तर तिथेच तिचा हात धरून प्रार्थना करते. पण रेशनची यादी त्या प्रार्थनेपासून लांब ठेवते.

तुम्हाला जमेल असं काम आहे का? आहे, आणि ते तुमच्या धंद्याच्या जवळचं आहे. या लोकांचं निम्मं आयुष्य कागदांत अडकलेलं असतं. आधारवर नाव एक, बँकेत दुसरं. रेशनकार्ड गावाकडे, पोटं इकडे. आता कार्डावर दुसऱ्या गावी धान्य मिळू शकतं, पण अंगठा लागत नाही, आणि दुकानदार ‘मशीन चालत नाही’ म्हणून परत पाठवतो. ई-श्रम म्हणजे असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी, बँकेचं केवायसी, मुलांचे शाळेचे दाखले, यात तुमच्यासारख्या माणसाचा एक रविवार माझ्या दहा रविवारांच्या बरोबरीचा आहे. आणि फॉर्म भरताना माणूस शेजारी बसतो, तुमच्या खुर्चीइतक्याच उंचीवर. नवरा काय करतो, मुलं किती, त्यातलं कोणतं गेलं, हे सगळं फॉर्मच्या निमित्तानं बाहेर येतं. ऐकायचं, घाई करायची नाही, सल्ला द्यायचा नाही.

पुण्यातच एखाद्या बांधकामावरची वस्ती निवडा. वर्षभर तिथेच जा, दर पंधरवड्याला, ठरलेल्या वारी. एक घर ओळखीचं झालं की त्यांचा महिन्याचा हिशोब समजून घ्या, भाड्यापासून गॅसच्या टाकीपर्यंत. पहिले तीन-चार महिने काही वाटणार नाही, कंटाळाही येईल. येऊ द्या. माझंही दुसऱ्या हंगामापर्यंत तसंच होतं. मग एखाद्या दिवशी पाऊस येईल आणि ऑफिसच्या खिडकीतून बघताना ‘आज त्यांचं काम बुडालं’ असं तुमच्या मनात येईल.

इकडे यायचं असेल तर टोळ्या ऑक्टोबरच्या शेवटी यायला लागतात. डिसेंबरात येऊ नका, तेव्हा कामाचा जोर असतो आणि पाहुण्यांची गर्दीही. फेब्रुवारीत या, संध्याकाळी सातनंतर, ट्रक भरून गेला असेल अशा दिवशी. मी आधी विचारून ठेवते. पहिल्या खेपेला वाटायला काही आणू नका आणि जेवून येऊ नका, भाकरी तिकडेच होईल.